उचलत्या छताला गॅसचा टेकू

मोटारगाडीत बिछाना, चूल आणि पाण्याची टाकी बसवून दूरच्या प्रवासाला निघण्याची हौस दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत फार वाढली. ह्या हौसेपुढे पहिली अडचण उभी राहिली ती उंचीची. रस्त्यावरून धावणारी गाडी ठेंगणी असलेली बरी. उंच गाडीला वारा अडवतो, वळणावर ती कलते, तिला इंधन अधिक लागते आणि गॅरेजच्या दारातून ती आत जात नाही. परंतु मुक्कामाच्या जागी त्याच गाडीत माणसाला सरळ उभे राहायचे असते, स्वयंपाक करायचा असतो, कपडे बदलायचे असतात. ह्या दोन परस्परविरोधी गरजांतून वर उचलले जाणारे छत जन्माला आले. मुक्कामी पोहोचल्यावर छत वर ढकलायचे, त्याच्या कडेने शिवलेली कापडी कनात ताणली जाते आणि डोक्यावर एक छोटासा तंबू उभा राहतो. सकाळी निघताना छत खाली ओढून खटके लावायचे.

इंग्लंडमध्ये फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर ह्या कंपनीच्या ‘डॉर्मोबिल’ गाड्यांचे छत लांब बाजूवर बिजागरी असलेले असे, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची त्याची कनात १९५०-६० च्या दशकांत समुद्रकिनाऱ्यांवर ओळखीची झाली होती. जर्मनीत वेस्टफालिया ही कंपनी १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाड्यांत प्रवासी संसार बसवून देऊ लागली. १९७९ साली फोक्सवॅगनची तिसऱ्या पिढीची गाडी आली. तिच्या वेस्टफालियाने सजवलेल्या प्रकारात छताची बिजागरी मागे असते आणि पुढचे टोक वर उचलले जाते. त्या चढत्या पोकळीत दोघांना झोपता येईल असा वरचा बिछाना मांडता येतो. अमेरिकेत छोट्या मालमोटारींच्या पाठीवर बसवायच्या खोल्या असतात. त्यांतल्या काहींचे छत मात्र सरळ वर जाते. पुढच्या व मागच्या अंगाला बिजागऱ्यांवर दुमडणाऱ्या फळ्या असतात. त्या उभ्या केल्या की छत त्यांच्यावर तोलले जाते.

ह्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. छत उचलतो तो माणूस, आणि तोही दोन्ही हात डोक्याच्या वर ताणून. जमिनीवरून तीस किलोचे पोते उचलणे निराळे आणि तीस किलो वजन खांद्यांच्या वर ढकलणे निराळे. दुसऱ्या कामात पाय आणि पाठ फारशी उपयोगी पडत नाहीत, सारा भार खांद्यांवर येतो. त्यात ह्या गाड्यांचे कित्येक मालक निवृत्त झालेले असतात. भर उमेदीत घेतलेली गाडी पंधरा-वीस वर्षे चालते, मालकाचे खांदे तितके टिकत नाहीत. शिवाय दरम्यान छतही जड झालेले असते, कारण त्यावर सौरपट्ट्या येतात, सामानाचा सांगाडा येतो, एखादी होडी बांधली जाते. मग एक दिवस असा येतो की छत उघडता येत नाही म्हणून गाडी विकायला काढावी लागते. गॅसचा टेकू बसवण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो तो अशा वेळी.

येथे शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ह्या उपकरणाला कारागीर ‘गॅस स्ट्रट’ किंवा ‘गॅस स्प्रिंग’ म्हणतात. मराठीत त्यास रूढ नाव नाही. ‘वायुदंड’ असा शब्द बनवणे अवघड नव्हते, पण कोसळणाऱ्या भिंतीला किंवा फळांनी वाकलेल्या फांदीला आपण जो टेकू देतो, त्याच्याशी ह्या वस्तूचे नाते अधिक जवळचे आहे. म्हणून येथे तोच शब्द योजला आहे. वाचकांनी ही वस्तू पाहिलेली आहे. हॅचबॅक मोटारीचे मागचे दार उघडले की ज्या दोन काळ्या नळ्या ते वर धरून ठेवतात, त्या हेच टेकू. कार्यालयातील खालीवर होणाऱ्या खुर्चीच्या पोटातही त्याच जातीची नळी असते.

तिच्या आत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. पोलादी नळकांड्यात नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरून ते कायमचे बंद केलेले असते. नायट्रोजन एवढ्यासाठी की तो पेट घेत नाही आणि आतल्या पोलादाला गंज चढवत नाही. नळकांड्यात एक दट्ट्या सरकतो आणि त्याला जोडलेला गुळगुळीत दांडा रबरी सीलमधून बाहेर येतो. वायू दट्ट्याला एका बाजूने ढकलतो आणि दांडा बाहेर येतो, अशी आपली पहिली समजूत होते, पण ती बरोबर नाही. दट्ट्याला बारीक छिद्र असते, त्यामुळे वायू त्याच्या दोन्ही बाजूंना असतो आणि दाब दोहोंकडे सारखाच असतो. मग जोर येतो कोठून? दट्ट्याच्या एका अंगाचा सगळा पृष्ठभाग वायूला उघडा असतो. दुसऱ्या अंगावर मात्र दांडा जोडलेला असल्याने तेवढी जागा वायूला मिळत नाही. हा जो क्षेत्रफळाचा फरक, म्हणजे दांड्याचा छेद, त्याच्यावर पडणारा दाब तेवढा शिल्लक राहतो. आठ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा छेद सुमारे अर्धा चौरस सेंटीमीटर असतो. अशा टेकूने पस्तीस किलोचा जोर द्यावा असे वाटत असेल, तर आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सत्तर पट असावा लागतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडेल.

दांडा आत जातो तेव्हा तो वायूची जागा व्यापतो, वायू आणखी दबतो आणि जोर वाढतो. परंतु साध्या स्प्रिंगमध्ये जशी ही वाढ झपाट्याने होते तशी येथे होत नाही. पूर्ण दाबल्यावर जोर मूळच्या सव्वापट-दीडपटीच्या आसपास जातो. जवळजवळ सारख्या जोराने बराच लांब पल्ला ढकलत राहणे हाच ह्या टेकूचा गुण होय. आत थोडे तेलही असते. ते सील ओले ठेवते आणि दांडा पुरता बाहेर येण्याच्या सुमारास हालचाल मंद करून धक्का टाळते. पण तेल नेहमी तळाशी साचते. म्हणून टेकू बसवताना, निदान छत बंद असण्याच्या दीर्घ काळात तरी, दांड्याची बाजू खाली आणि नळकांडे वर राहील असे पाहावे. उलटा बसवलेला टेकू लगेच बिघडत नाही, पण त्याचे सील कोरडे पडते आणि आयुष्य घटते.

आता मुख्य मुद्दा. कोकणात विहिरीतून पाणी काढण्याची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो चटकन समजेल. आडव्या वाशाच्या एका टोकाला पाण्याचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला असतो. दगड पाणी वर काढत नाही, माणूसच काढतो. दगड फक्त भांड्याचे वजन फेडतो, म्हणजे माणसाच्या हाताला उरतो तो फरक. दगड हलका असेल तर हात दुखतात. पण तो फार जड असेल तर रिकामे भांडे खालीच जात नाही, आणि ते ओढून खाली नेण्यात तितकेच श्रम होतात. गॅसचा टेकू हा असा दगड आहे. तो छत उचलणारे यंत्र आहे असे मानून जे लोक बाजारातील सर्वांत जोरदार टेकू विकत आणतात, त्यांची फसगत होते.

तेव्हा पहिले काम वजन करण्याचे. छत काढून काट्यावर ठेवण्याची गरज नाही. घरातील वजनकाटा गाडीत जमिनीवर ठेवावा, त्यावर लाकडी खांब उभा करावा आणि खटके सोडून छताचे मोकळे टोक त्या खांबावर टेकवावे. काट्यावर जो आकडा दिसेल त्यातून खांबाचे वजन वजा केले, की त्या टोकाला माणसाला किती भार उचलावा लागतो हे कळते. हेच मोजमाप छत अर्धे उघडून आणि पूर्ण उघडून, वेगवेगळ्या लांबीच्या खांबांनी पुन्हा करावे. कनातीच्या घड्या, जुन्या बिजागऱ्यांचा ताठरपणा, छतावरचे सामान, सगळ्यांचा हिशेब त्यात आपोआप येतो. कागदावरच्या गणितापेक्षा ही रीत मला अधिक भरवशाची वाटते. छताचे वजन माहितीपत्रकात छापलेले असते खरे, पण ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या छताचे.

गणित मात्र समजून घेतले पाहिजे. मागे बिजागरी असलेले एक छत कल्पनेने घेऊ. त्याची लांबी २.४ मीटर, वजन ६० किलो आणि ते सगळीकडे सारखे पसरलेले. दहा न्यूटन म्हणजे एक किलोचा भार असे सोयीसाठी धरले तर वजन ६०० न्यूटन होते आणि ते बिजागरीपासून १.२ मीटरवर, म्हणजे मध्यावर, एकवटले आहे असे मानता येते. बल आणि बिजागरीपासूनचे त्याचे लंबांतर यांच्या गुणाकारास परिबल म्हणतात. येथे ते ७२० न्यूटन-मीटर आहे. मोकळ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ह्याला २.४ ने भागून येणारा भार, म्हणजे ३० किलो उचलावा लागतो. टोक एक मीटर वर गेल्यावर परिबल कमी होऊन सुमारे ६५५ होते, पण माणसाचे आडवे अंतरही त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे हाताला भार ३० किलोच लागतो.

दोन बाजूंना दोन टेकू बसवू. टेकूचे वरचे टोक छताला बिजागरीपासून १.२ मीटरवर, खालचे टोक गाडीच्या अंगाला ०.७ मीटरवर आणि ८ सेंटीमीटर खाली. छत बंद असताना टेकू जवळजवळ आडवा निजलेला असतो. बिजागरीपासून त्याच्या रेषेचे लंबांतर अवघे १९ सेंटीमीटर भरते. छत उघडल्यावर तो उभा राहू लागतो आणि हेच अंतर ६२ सेंटीमीटर होते. प्रत्येक टेकूचा जोर ३५० न्यूटन धरला, तर बंद अवस्थेत दोघे मिळून १३३ न्यूटन-मीटरची मदत करतात आणि उघड्या अवस्थेत ४३४ ची. माणसाला सुरुवातीस ३० ऐवजी २४-२५ किलो उचलावे लागतात. छत वर पोहोचेपर्यंत भार दहा किलोवर आलेला असतो. दाबलेल्या टेकूचा वाढीव जोर येथे धरलेला नाही. तो धरला तर सुरुवात थोडी आणखी हलकी होते, पण चित्र बदलत नाही.

म्हणजे जेथे मदत सर्वांत अधिक हवी, तेथेच टेकू सर्वांत कमी उपयोगी पडतो. हे पहिल्यांदा लक्षात आल्यावर मालक निराश होतो आणि ६०० न्यूटनचे टेकू मागवतो. हिशेब करून पाहावा. बंद अवस्थेतला भार २४-२५ वरून फक्त २० किलोवर येतो. पण उघड्या अवस्थेत टेकूंचे परिबल ७४४ होते आणि छताचे तर ६५५ च आहे! आता छत आपोआप वर राहते, इतके की खाली येण्यास नाखूश होते. ते सुमारे चार किलोच्या ओढीने खाली खेचावे लागते. चार किलो काही फार नव्हेत. परंतु मधल्या कोठल्या तरी कोनात वजन आणि जोर ह्यांचे पारडे फिरते, आणि तेथून पुढे वर जाणारे छत हातातून निसटून झेपावते. त्या क्षणी दुमडत्या पट्ट्यांच्या सांध्यात बोट असेल तर ते चिरडते. छताच्या शेवटच्या अडणीला रोज हिसका बसतो तो वेगळाच.

हवामानाचाही विचार केला पाहिजे. बंद नळकांड्यातील वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. टेकूवर छापलेला जोर २० अंश सेल्सिअसचा असतो. ४० अंशांस तो सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, उणे दहा अंशांस सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. ॲरिझोनाच्या वाळवंटातून निघून कोलोरॅडोच्या डोंगरांत मुक्काम करणारा प्रवासी एकाच सहलीत ही दोन्ही टोके गाठू शकतो. वर घेतलेले ६०० न्यूटनचे टेकू वाळवंटात चारऐवजी सहा किलोंहून अधिक ओढ मागतील; ३५० चे टेकू डोंगरातल्या थंड सकाळी दहाऐवजी बारा किलो भार हातात ठेवतील. दुसरी गैरसोय सोसण्यासारखी आहे.

६०० चे टेकू नेहमीच चुकीचे असतात असे नव्हे. वरच्या छतावर बिजागरीपासून १.८ मीटरवर वीस किलोचा सांगाडा व सौरपट्ट्या असतील, तर टोकाचा भार ३० वरून ४५ किलोवर जातो आणि तेथे हेच टेकू योग्य ठरतात. उघड्या छतावर ते सुमारे अकरा किलो शिल्लक ठेवतात. धोका पुढे येतो. हिवाळ्यासाठी सांगाडा उतरवला जातो, टेकू तसेच राहतात, आणि गेल्या वर्षी नीट वागणारे छत अचानक उधळते. छतावरचे सामान कायमचे नसेल तर टेकू रिकाम्या छताच्या मापाने घ्यावेत आणि सामान असताना थोडे अधिक श्रम करावेत, हे माझे मत. गाडीतल्या दुसऱ्या माणसाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

टेकूची जागा ठरवण्यास पुठ्ठा पुरतो. दहास एक ह्या प्रमाणात छत आणि गाडीचे अंग पुठ्ठ्यातून कापावे, बिजागरीच्या जागी टाचणी टोचावी आणि कागदी पट्टीचा टेकू निरनिराळ्या ठिकाणी लावून पाहावा. उघडताना व मिटताना टेकूची लांबी किती बदलते हे त्यावर मोजता येते. वरच्या उदाहरणात ती सुमारे ५१ सेंटीमीटरपासून ७० पर्यंत जाते, म्हणजे २० सेंटीमीटर पल्ल्याचा टेकू लागेल. छत बंद झाल्यावर दांडा तळाला टेकता कामा नये. एखादा सेंटीमीटर पल्ला शिल्लक असावा. तसा तो नसेल तर खटका लावताना माणूस छत खाली ओढत नसतो, टेकू मोडत असतो.

आणि मग ज्यावर टेकू बसवायचा ते अंग. हा भाग बहुतेक माहितीपत्रकांत एका ओळीत आटोपलेला असतो, आणि मोडतोड होते ती येथेच. छत बंद असते तेव्हाही टेकू स्वस्थ नसतो. रात्रंदिवस, गाडी उभी असो की धावत असो, तो पस्तीस-चाळीस किलोंनी ढकलत राहतो. आडवा निजलेला असल्याने त्याचा बहुतेक जोर छताला बिजागरीपासून दूर लोटण्यात खर्च होतो, म्हणून बिजागरीचे जुने स्क्रू आधी तपासावेत. छत काचतंतूंच्या पातळ कवचाचे असेल तर त्यात नुसता स्क्रू पिळून भागत नाही. तो महिन्याभरात भोक मोठे करून बाहेर येतो. आतून धातूची रुंद पट्टी लावून, कवच दोहोंच्या मध्ये धरून बोल्ट कसावा. ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेल्या छतात भोक सांगाड्यावरच पाडावे, दोन दांड्यांमधल्या पत्र्यावर नव्हे. भोक पाडण्यापूर्वी मागे विजेची तार नाही ना, हे पाहून घ्यावे. बोल्टाभोवती पाणी अडवणारा लेप भरावा, कारण गळके छत हे जड छताहून वाईट. खटके टोकांना आणि टेकू मध्यावर अशी रचना असेल, तर काही वर्षांत छताला मध्ये बाक येऊ शकतो. सरळ पट्टी छतावर आडवी धरून हे वर्षातून एकदा पाहता येते.

प्रत्यक्ष बसवताना छत पूर्ण उघडावे आणि गाडीच्या मूळच्या अडणीखेरीज आणखी दोन लाकडी खांबांनी पेलून धरावे. टेकू पूर्ण बाहेर आलेल्या स्थितीतच जोडायचा असतो. हाताने दाबून तो मापात आणण्याचा खटाटोप करू नये, एक टोक निसटले तर दांडा तोंडावर येतो. दोन्ही टोकांचे गोल सांधे टेकूला थोडे वळू देतात, पण बाजूने पडणारा ताण सीलला सोसत नाही. म्हणून वरचे आणि खालचे टोक एकाच उभ्या पातळीत यावे. दोन्ही टेकू एकाच जोराचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत; एक नवा, एक जुना अशा जोडीने छत पिळवटते. दांड्याला रंग लावू नये, तो पकडीने धरू नये. चकचकीत पृष्ठभागावर पडलेला एक ओरखडा सीलला कापत राहतो. पहिल्यांदा छत मिटताना दोन माणसे असावीत आणि दोघांनी ते सावकाश आणावे. बंद झाल्यावर खटके पूर्वीपेक्षा घट्ट लागत असतील, तर ते नवा ताण सोसत आहेत हे समजावे. पुढचे टोक उचलणाऱ्या छतात हा प्रश्न गंभीर आहे. महामार्गावर खटका सुटला तर समोरचा वारा आणि खालचे टेकू एकाच दिशेने काम करतात. अशा गाडीत मूळच्या खटक्याच्या जोडीला एक स्वतंत्र पट्टा बांधून ठेवण्याची सवय चांगली.

सरळ वर जाणाऱ्या छतांत हिशेब थोडा निराळा आहे. तेथे पुढची आणि मागची बाजू स्वतंत्रपणे उचलली जाते, म्हणून वजनही दोन्हीकडे वेगळे करावे लागते. पुढे सौरपट्ट्या आणि मागे काहीच नाही, अशी स्थिती असली तर चारही टेकू सारखे घेणे चूक ठरते. टेकूंची जोडी मात्र डावी-उजवीकडे सारखीच.

टेकू बसल्यावर मूळची अडणी काढून टाकण्याचा मोह होतो. ती काढू नये. टेकूतून वायू वर्षानुवर्षे अतिशय सावकाश झिरपतो. आज तोलून धरणारे छत पाच वर्षांनी एखाद्या थंडगार पहाटे हळूहळू खाली येऊ लागते. त्या वेळी वरच्या बिछान्यावर मुले झोपलेली असू शकतात. छताचा भार शेवटी लोखंडी अडणीवर आणि तिच्या कुलुपावर असला पाहिजे; टेकूचे काम वर जाताना आणि खाली येताना हाताला हात देण्यापुरते. त्याची शक्ती किती उरली आहे हे पाहण्यास तोच वजनकाटा आणि तोच खांब पुन्हा घ्यावा. बसवल्या दिवशीचा आकडा दाराच्या आतल्या बाजूस खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावा. सहलीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, साधारण त्याच तापमानाला, पुन्हा मोजावे. भार चार-पाच किलोंनी वाढलेला आढळला तर दोन्ही टेकू बदलावेत.

काढलेले टेकू भंगारात टाकताना मघाचा सत्तर पटींचा आकडा आठवावा. छत उचलण्यास असमर्थ ठरलेल्या नळकांड्यातही बहुतेक दाब शिल्लकच असतो. त्यास भोक पाडणे, करवतीने कापणे किंवा आगीत टाकणे म्हणजे छोटा स्फोट घडवून आणणे होय. कागदाच्या चिठ्ठीवर ‘आत दाब आहे’ असे लिहून ती टेकूला बांधावी आणि मगच तो भंगारवाल्याच्या हाती द्यावा.